मुकी खुर्ची

१

प्रशांतकुमारचा जीव गेला तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर चार माणसं पत्ते खेळत बसली होती. चौघांनीही अधूनमधून त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि चौघांनाही काहीही कळलं नव्हतं.

त्या चौघांतली एक सुधारानी होती. सगळी नोकरी पोलीस खात्यात काढून फौजदार म्हणून निवृत्त झालेली बाई. माणसाच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखते म्हणून बीदरभर तिचा दबदबा होता. निवृत्तीनंतर बीदरमधल्या मैलूरच्या घरी दुपारी शेजारणी जमवून पत्ते कुटणं हाच तिचा उद्योग झाला होता, आणि त्या नादापायीच ती या स्पर्धेत परीक्षक म्हणून येऊन बसली होती.

स्पर्धा पत्त्यांचा नवा खेळ रचण्याची. बीदर आणि कलबुर्गी अशा दोन जिल्ह्यांतून खेळ आले होते, त्यातले तीन अंतिम फेरीला उरले होते. जिंकेल त्याचा खेळ पुण्याचे एक प्रकाशक छापणार होते, पेटीवर रचणाऱ्याचं नाव घालून. बीदरलगतच्या नौबादला एका कॉलेजच्या सभागृहात सकाळपासून गर्दी होती.

अंतिम फेरीचा नियम मात्र जगावेगळा होता. परीक्षकांनी बंद पेटी उघडायची, नियमांचा कागद वाचायचा आणि स्वतःच्या अकलेने खेळायचं. रचणाऱ्याने टेबलाशेजारच्या खुर्चीत बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मध्येच उठायचंही नाही. तोंडातून एक शब्द गेला की खेळ बाद. खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी रचणारा थोडाच समजावून सांगायला जाणार आहे? खेळ स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. पोरांनी त्या खुर्चीला नाव ठेवलं होतं मुकी खुर्ची.

हा नियम अमृतप्पा सरांनी घातलेला. स्पर्धा त्यांचीच. खटकचिंचोळी गावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, आवाजात अजून वर्गावरचा दरारा. पेट्यांची मोहर फोडताना त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "तिन्ही खेळांतला एकही मी पाहिलेला नाही. तुमच्याइतकाच मीही कोरा."

पहिला खेळ बालाजीचा झाला. यथातथाच होता. मग जेवणाची घंटा झाली, खुर्च्या सरकल्या, आणि तेवढ्यात सरांनी माईक हातात घेतला. पुण्याच्या साहेबांना रेल्वे गाठायची आहे, जेवणाआधी अजून एक डाव उरकून घेऊ. टेबलावर प्रशांतकुमारची पेटी आली.

खेळाचं नाव 'सुरंग बावी'. नौबादच्या जमिनीखालून जुन्या काळी खोदलेला पाण्याचा बोगदा जातो, त्यावर ठिकठिकाणी विहिरी आहेत. त्यालाच सुरंग बावी म्हणतात; बावी म्हणजे विहीर. त्याचाच हा खेळ. टेबलाच्या टोकाला मूळ बावीचं पान मांडायचं आणि तिथून बोगद्याची पानं जोडत आपल्या विहिरीपर्यंत पाणी आणायचं. दुसऱ्याचं पाणी तोडायचं किंवा त्याच्याशी हातमिळवणी करून वाटून घ्यायचं. पानांवरची चित्रं प्रशांतकुमारच्या बहिणीने, निलम्माने काढलेली. दोन हात खेळून होताच सुधारानीला कळलं की निकाल लागल्यातच जमा आहे. आयुष्यात इतके पत्ते खेळली, पण इतका सुरेख डाव तिच्या हाती आला नव्हता.

खेळ रंगत गेला. घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या अमृतप्पा सरांनी जाता जाता मूळ बावीचं पान बोटाने फिरवून आडवं केलं. मास्तरांना टापटिपीची सवय असतेच. पुण्याच्या प्रकाशकांनी कागद पाहून ते पुन्हा उभं केलं आणि डाव पुढे गेला.

प्रशांतकुमारला घाम फुटला होता. हात थरथरत होते. शेजारच्या स्टीलच्या बाटलीतून तो एकदा प्यायला, मग पुन्हा प्यायला. एकदा त्याने सुधारानीकडे टक लावून पाहिलं. पोराला खेळ कसा वाटतोय ते विचारायचं असेल, असं वाटून ती त्याच्याकडे बघून हसली आणि पान टाकलं.

पुढच्याच हाताला तो खुर्चीवरून घसरला. बाटली आडवी झाली. मागच्या रांगेतून बालाजी धावत आला, चहाच्या टेबलावरची साखर मुठीत घेऊन, आणि त्याच्या तोंडात कोंबायला लागला. तोच चारजणांनी त्याला मागे ओढलं.

"अरे, शुगर हाय त्याला! साखर देऊन मारतोस का?"

साखर फरशीवर सांडली. गाडी आणेपर्यंत, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. "साखर वाढून नाही गेला. साखर उतरून गेला. इन्सुलीनची सुई घेतली आणि वर काही खाल्लं नाही. हृदय आधीच कमजोर होतं. वेळेवर चमचाभर साखर पोटात गेली असती तरी वाचला असता."

"पण माझ्या डोळ्यांदेखत तो सरबत प्यायला की," सुधारानी म्हणाली. "दोनदा!"

२

सभागृहाला कुलूप लागलं होतं. ते अंकुशरावांनी उघडलं. अंकुशराव आता ठाण्याचे साहेब होते, पण एके काळी सुधारानीच्या हाताखाली शिकलेले. अजून तिच्यासमोर टोपी काढूनच उभे राहत.

टेबलावर पत्ते तसेच होते. सुधारानी मुक्या खुर्चीपाशी उकिडवी बसली. बालाजीच्या मुठीतून सांडलेल्या साखरेवर मुंग्यांनी नुसती झुंबड उडवली होती. तिथून वीतभर अंतरावर, बाटली पडली तिथे, फरशीवर फिकट डाग वाळला होता. तिने बोट लावून पाहिलं. चिकट होता. लिंबाचा वास येत होता.

"अंकुश, इथं बघ. काय दिसायलंय?"

"मुंग्या."

"आन् इथं?"

अंकुशराव वाकले. डागावर एकही मुंगी नव्हती. साखरेकडे निघालेली रांग त्या डागावरूनच जात होती, पण थांबत कोणीच नव्हतं.

"गोड न्हाई का मग ते?"

"गोड असणार. गोड लागलं नसतं तर त्यानं पहिल्याच घोटाला थुंकलं असतं. लहानपणापासनं ह्या दुखण्यात वाढलेलं पोरगं ते. गोड होतं, पर त्यात साखर नव्हती. चहात टाकायच्या गोळ्या मिळतात न्हाई का, शुगरवाल्यांसाठी? जिभेला गोड, अंगाला काहीच न्हाई. तो पीत राहिला, आता बरं वाटंल म्हणून वाट बघत राहिला."

हे चुकून झालेलं नव्हतं. सुई टोचल्यावर जेवण लांबलं होतं, आणि जीव वाचवायला जी बाटली जवळ होती तीही कोणीतरी पोकळ करून ठेवली होती.

"बाटली भरली कुणी?" सुधारानीने विचारलं.

"बहिणीनं," अंकुशराव म्हणाले. "निलम्मानं. रोज तीच भरती. मॅडम, मला तर तिचाच संशय येतोय. चित्रं सगळी तिची, आन् पेटीवर नाव येकट्या भावाचं. घरातलं दुखणं भायेर दिसत न्हाई. उद्या तिला उचलतो."

निलम्मा बाहेर पायरीवर बसली होती. तिच्या हातात अजून ताट होतं. घंटा झाल्यावर भावासाठी वाढून आणलेलं. ती ताट घेऊन परतली तोवर तो खुर्चीत बसलेला, आणि त्याच्याशी बोलायची बंदी. सबंध डावभर ती भिंतीला टेकून ते ताट धरून उभी होती. त्यावरची भाकरी वाळून कडक झाली होती.

"म्या लांबनं ताट दावले, अक्का," ती म्हणाली. "तर अण्णानं बाटलीवर थाप मारून दावलं. फिकीर नको म्हणून."

"बाटलीत लिंबू सरबत तूच केलतीस ना?"

निलम्माने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"लिंबू? म्या तर गुळाचं पाणी भरले होते. आमच्या घरी दुसरं का बी करत न्हाईत."

३

अंकुशरावांना सुधारानीने हातापाया पडल्यासारखी विनंती केली की पोरीला भावाला माती तरी देऊ दे. त्यांनी ऐकलं. खटकचिंचोळीला, गावच्या शेतात, प्रशांतकुमारला लिंगायत रीतीप्रमाणे खड्ड्यात बसवून, हातात लिंग ठेवून समाधी दिली. त्याला पुन्हा एकदा बसलेला पाहून सुधारानीने तोंड फिरवलं. मग ती तशीच बालाजीच्या दुकानात गेली.

बालाजी बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. प्रशांतकुमारच्या घरापासून चार घरं सोडून राहायचा. गावात आता सगळे त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. मरत्या माणसाच्या तोंडात साखर कोंबली म्हणे.

"कामून कोंबलास?" सुधारानीने सरळच विचारलं.

"मग काय करू? लहानपणापासनं बघायलोय मी त्याला. घाम सुटला, हात कापायले, की साखर उतरली. तवा साखरच द्यावं लागतंय. म्या मागं बसलो व्हतो, त्याचं तोंड दिसत नव्हतं. पडला तवा कळलं." त्याने समोरची बियाण्यांची पिशवी बाजूला सारली. "मला धरले सगळे. शहाणे लोक!"

"तुमची दोस्ती होती?"

"होती. वरीस झालं, बोलणं बंद हाय. त्यो खेळ आमी दोघांनी रात्रंदिवस खेळून खेळून घासला, अक्का. अर्जावर नाव त्याचं येकट्याचंच. म्या म्हणलो, जा, तुझं तुला लखलाभ."

"त्या दिवशी तू त्याला बाटली भरून दिली असतीस तर त्यानं घेतली असती?"

बालाजी कडवट हसला. "माझ्या हातची? माझ्याकडं बघत बी नव्हता त्यो."

तिसरा स्पर्धक महेशकुमार कलबुर्गीचा. त्याच्याशी फोनवर बोलणं झालं. पोरगा घाबरून गेला होता. पेटी उघडायचा दुसरा नंबर खरं तर त्याचाच होता. पण सर म्हणाले, तुझी पेटी जेवणानंतर घेऊ, आधी प्रशांतकुमारची. "मी तर त्याला त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलो, मॅडम. नमस्कार केलो, तेवढंच."

सुधारानीने आणखी एक फोन पुण्याला लावला. प्रकाशक अजून हादरलेलेच होते. तिने त्यांना एकच साधा प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

संध्याकाळी ती अमृतप्पा सरांकडे गेली. नौबादला त्यांचं घर. सर खचलेले दिसत होते. एका दिवसात माणूस इतका म्हातारा होतो हे तिने नोकरीत बऱ्याचदा पाहिलं होतं, तरी तिला वाईट वाटलं. सुनेने चहा आणला. सरांनी खिशातून चपटी डबी काढली, आपल्या कपात दोन बारीक गोळ्या टाकल्या आणि ढवळलं.

"आम्ही गुरु-शिष्य एकाच रोगाचे," ते म्हणाले. "त्याला लहानपणापासून, मला म्हातारपणी. शाळेत त्याच्यासाठी माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा असायचा, फौजदारबाई. वर्गात मान टाकली की मी स्वतः चारायचो. गुणी पोरगा होता."

"फार गुणी," सुधारानी म्हणाली. "खेळ तर काय रचलाय!"

सरांनी कप खाली ठेवला. "हो. बरा होता."

ती घरी परतली. गोळ्यांची डबी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण तशी डबी बीदरमध्ये दर तिसऱ्या घरी सापडेल. आणि ज्याने पोराला शाळेत हाताने साखर चारली, तो त्याला कशासाठी मारेल? कारण सापडत नव्हतं. उद्या सकाळी अंकुशराव निलम्माला न्यायला येणार होते.

४

सकाळी सुधारानी त्यांच्या आधीच खटकचिंचोळीला पोचली. निलम्मा ओसरीवर बसली होती. पोलिसांच्या गाडीची तिला कल्पना होती. अंगावर धुतलेलं लुगडं होतं, केस बांधलेले होते.

"पत्ते हायेत का घरी?" सुधारानीने विचारलं.

निलम्माला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण वडीलधारं माणूस. तिने आतून खेळाची जुनी पानं आणली. कच्ची, हाताने कापलेली, कडा झिजलेली.

"माझ्यासंगं एक डाव खेळ."

"आज, अक्का?"

"आजच."

दोघी मांडी घालून बसल्या. सुधारानीने पानं पिसली, वाटली आणि मूळ बावीचं पान टोकाला ठेवलं. मुद्दाम आडवं ठेवलं, जसं त्या दिवशी सरांनी फिरवलं होतं तसं.

निलम्माचा हात थबकला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"आडवी बावी? हे तुमाला कोण सांगितलं?"

"कामून? चूक हाय?"

"चूक न्हाई. लई जुनं हाय. लहानपणी आमी तशीच मांडायचो. आडवी म्हंजे दोन्ही अंगाला पाणी जातंय, आन् डाव संपतच न्हाई. अण्णा मोठा झाला तवा त्यानं ती उभी केली. मगच खेळात जीव आला. आता कागदावर बी उभीच हाय. आडवीचं बालाजीला बी ठाऊक न्हाई, त्यो लई मागनं आला खेळायला."

सुधारानीच्या हातातली पानं तशीच राहिली. टेबलावर त्या दिवशी तिच्यासमोर एक बोट पुढे आलं होतं. ते टापटिपीसाठी आलं नव्हतं. आपला डाव कोणी चुकीचा मांडतोय हे बघवलं नाही म्हणून आलं होतं. आणि ज्या माणसाचं ते बोट, त्याने तर खेळ पाहिलाच नव्हता म्हणे.

"निलम्मा, लहानपणी अण्णा हा खेळ कुठनं शिकून आला?"

"शाळेतनं," निलम्मा म्हणाली. "लग्नपत्रिका कापून पानं करायचे म्हणे तितं. मोकळ्या तासाला खेळायचे."

त्या शाळेचे हेडमास्तर कोण होते, हे सुधारानीला विचारायची गरज पडली नाही. रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. ती उठली, निलम्माचा हात धरला आणि गाडीत तिच्याशेजारी जाऊन बसली.

"ठाण्याला नको, अंकुश. नौबादला घे."

५

अमृतप्पा सर पूजा आटोपून बाहेरच्या खोलीत बसले होते. तिघांना एकदम आलेलं पाहून त्यांनी सुनेला आत जायला सांगितलं. निलम्माकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सर, मी बोलते. चुकलं तिथं सांगा," सुधारानी म्हणाली. "घरनं निघताना बाटलीत गुळाचं पाणी होतं. खुर्चीशी सांडलं ते लिंबाचं सरबत. म्हणजे मधे कुणीतरी ते बदललं. आता गुळाच्या पाण्याच्या जागी लिंबू आलं तर पिणाऱ्याला पहिल्याच घोटाला कळणार. तरी तो निवांत प्यायला, बहिणीला बाटलीवर थाप मारून दाखवली. म्हणजे त्याला आधीच सांगितलं होतं, बाबा, मी हे बदललंय, साखर घालून केलंय. आणि सांगणाऱ्यावर त्याचा भरवसा होता. बालाजीच्या हातचं त्यानं घेतलं नसतं. महेशकुमारला तो ओळखत नव्हता. निलम्माला बदलायचं असतं तर गुळाच्याच रंगाचं काहीतरी केलं असतं, लिंबू पिळून स्वतःवर बोट कामून दाखवील ती?"

सर ऐकत होते. वर्गात पोराचा धडा ऐकावा तसे.

"घंटा झाली तवा निलम्मा ताट आणायला गेली. त्यानं सवयीनं सुई टोचून घेतली. मग तुम्ही जेवण लांबवलं, पुण्याच्या साहेबांची रेल्वे हाय म्हणून. मी साहेबांना विचारलं. ते मोटारीनं आले होते, आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जाणार होते. रेल्वेचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"गैरसमज झाला असेल माझा."

"झाला असंल. पर मूळ बावीचं पान तुम्ही आडवं केलंत. तो नियम कागदावर नव्हता. ह्या भावाबहिणीशिवाय तो फक्त त्यालाच ठाऊक, ज्यानं खेळाची पहिली पानं कापली." ती थांबली. पुढचं तिने मऊ आवाजात म्हटलं. "खेळ तुमचा होता ना, सर?"

मग सरांचा चेहरा असा काही उजळला की अंकुशरावांनी नजर वळवली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"माझाच होता," ते म्हणाले. "पोरांना सुरंग बावी दाखवून आणली आणि रात्रभर बसून पानं कापली. हा पहिल्या बाकावर असायचा. पुढे मी विसरलो, तो नाही विसरला. स्पर्धा मी सुरू केली, म्हणून मला भाग घेता येत नव्हता. मोहर फोडली आणि पेटीवरचं नाव वाचलं 'सुरंग बावी', खाली रचनाकार प्रशांतकुमार. माझं नाव कुठेच नाही."

"मोहर त्या दिवशी फोडली, आणि त्याच दिवशी तयारी कशी झाली?" अंकुशरावांनी विचारलं.

"पेटी आदल्या आठवड्यातच आली होती. उघडली मी. परत मोहर लावली." सरांनी हात गुडघ्यावर ठेवले. "फौजदारबाई, मला त्याला मारायचं नव्हतं. शपथेवर सांगतो. साखर उतरली की त्याला कसं होतं, माझ्याइतकं कोणाला माहीत? मला वाटलं, घाबरेल आणि बोलेल. 'सर, साखर द्या' एवढंच म्हणेल. खेळ बाद होईल. दुसरं काही नको होतं मला. त्याने तोंड उघडायची खोटी, मी लगेच देणार होतो. माझ्या खिशात पुडा होता. एक हात खिशात घालूनच उभा होतो मी."

"मग?"

"तो बोललाच नाही!" म्हातारा ओरडला. त्यात राग होता, आणि रागाखाली काहीतरी असं होतं की सुधारानीला ते ऐकवेना. "मी वाट बघत होतो. आता बोलेल, आता बोलेल. नुसता एक शब्द! एका खेळापायी कोणी जीव देतं का?"

निलम्मा आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली. ओरडली नाही, रडली नाही. पोरीने शाळेत हात वर करून शंका विचारावी, तसं तिने विचारलं.

"त्याला बोलायची बंदी होती, सर. तुमाला कुठं होती?"

अंकुशरावांनी सरांना उठवलं, दंडाला धरून बाहेर नेलं. सून आतून बाहेर येऊन रडायला लागली. शेजारची माणसं गोळा व्हायला लागली.

सुधारानी निलम्माला घेऊन रस्त्यावर आली. सुटलीस पोरी, असं तिला म्हणायचं होतं. पुण्याचे प्रकाशक खेळ छापायला तयार आहेत, चित्रांखाली तुझं नाव घालतील, हेही सांगायचं होतं. रचनाकार म्हणून आता कोणाचं नाव घालायचं, हे मात्र तिलाही कळत नव्हतं.

"अण्णानं सरांचं नाव घेतलं असतं का गं, जिंकल्यावर?" तिने विचारलं.

"काय की. कधी बोलला न्हाई. आता विचारायला कोण हाय?"

दोघी थोडं अंतर चालल्या. कोपऱ्यावर खटकचिंचोळीकडे जाणारी जीप भरत होती. निलम्मा तिथे थांबली आणि सुधारानीकडे वळली. तिच्या मनात हे केव्हापासून होतं कोण जाणे.

"अक्का, तुमी तर त्याच्या समोरच बसला होता. त्यानं तुमच्याकडं बघितलेलं म्या भिंतीपासनं बघितले. तुमाला दिसलं न्हाई, त्याला काय व्हायलंय ते?"

खोटं ओळखण्यात सुधारानीचं आयुष्य गेलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. पोरीने विश्वासही ठेवला असता.

"दिसलं होतं गं," सुधारानी म्हणाली. "घाम दिसला, हात दिसले. पर माझा डाव चांगला चालला होता."

निलम्माने मान हलवली आणि ती जीपमध्ये चढली.